विज्ञानालाही माहीत नसतं, हे आठवीच्या पोरांना सांगायचं कसं?

खडूफळा
राम राम मंडळी. बुलढाणा जिल्ह्यात माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवतो. परवा आठवीला 'अणूचे अंतरंग' घेत होतो. डाल्टन म्हणाला अणू फुटत नाही. १८९७ ला थॉमसनला इलेक्ट्रॉन सापडला, डाल्टन गेला. थॉमसनचं प्लम पुडिंग आलं, म्हणजे पुडिंगमधल्या बेदाण्यांसारखे अणूत इलेक्ट्रॉन (पुडिंग म्हणजे काय हे सांगण्यातच अर्धा तास खलास), १९११ ला रुदरफोर्डने ते मोडलं, १९१३ ला बोर आला आणि बोरचंही पुढे बारावीपर्यंत गेलं की काही खरं नाही. हे सगळं फळ्यावर ओळीने मांडलं तर मागच्या बाकावरची एक पोरगी उठून म्हणते, "सर, चौघंबी चुकले तं आपून पाठ कायले करतो? अन् आताचं बरोबर हाय हे कायच्यावरून?" वर्ग हसला आणि घंटा झाली.

स्टाफरूममध्ये विषय काढला तर दोन मतं. एक, असले प्रश्न चघळत बसलात तर पोर्शन जन्मात संपणार नाही. दोन, विज्ञान बदलतं असं सांगितलंत की पोरांचा विज्ञानावरचा विश्वास उडेल, मग बसा बोंबलत. मला दोन्ही पटत नाही. एखादी गोष्ट कळली कशी, ती किती पक्की आहे आणि कुठपर्यंत माहीतच नाही, हे तिन्ही सांगायला हवं असं माझं ठाम मत आहे. पण तेरा-चौदा वर्षांची पोरं, साठचा वर्ग, पस्तीस मिनिटांचा तास. कोणी प्रत्यक्ष केलंय का? तत्त्वज्ञान नको, वर्गात चालेल असं सांगा.

चकली_भाजणी
पॉपकॉर्न घेऊन बसलेय. पोरीला माझ्याकडून एक कॅडबरी.

न्यूटनचा_जावई
मस्त धागा. मास्तर, तुमच्या मांडणीतच थोडी गोची आहे असं मला वाटतं, राग नसावा. चार माणसं ओळीने उभी केली आणि प्रत्येकाने आधीच्याला पाडलं असं सांगितलं की ती कुस्तीची दंगल वाटते. पोरगी बरोबरच विचारतेय, पाचवा कधी येणार?

मी क्लासमध्ये एक गोष्ट सांगायचो (नोकरीआधी चार पैशांसाठी क्लास घ्यायचो). युरेनस ग्रह न्यूटनच्या गणिताप्रमाणे चालत नव्हता. आता काय करायचं? न्यूटन चुकला म्हणायचं? ल व्हेरिए नावाच्या फ्रेंच गणितज्ञाने म्हटलं, न्यूटन ठीक आहे, पलीकडे अजून एक ग्रह असणार, तो ह्याला ओढतोय. गणित करून जागा सांगितली, १८४६ च्या सप्टेंबरात बर्लिनच्या वेधशाळेतल्या गालेने दुर्बीण तिकडे वळवली आणि त्याच रात्री सांगितलेल्या जागेपासून एका अंशाच्या आत नेपच्यून सापडला. जगभर वाहवा.

इथे थांबून मुलांना दुसरी केस द्यायची. बुधाची कक्षाही गणिताप्रमाणे वळत नव्हती, फरक फार बारीक, शंभर वर्षांत ४३ सेकंद, म्हणजे अंशाचा साठावा भाग म्हणजे मिनिट आणि त्याचा साठावा तो सेकंद. तोच ल व्हेरिए, तीच युक्ती. सूर्याजवळ अजून एक ग्रह असणार. त्याला नावसुद्धा ठेवलं, व्हल्कन. लोकांनी तो दिसल्याचे दावेही केले! मुलांना विचारा, सापडला का? सगळी पोरं हो म्हणतात, कारण आत्ताच नेपच्यून सापडलाय. नाही सापडला. व्हल्कन नव्हताच. १९१५ ला आईनस्टाईनने गुरुत्वाकर्षणच वेगळ्या तऱ्हेने मांडलं तेव्हा ते ४३ सेकंद बरोबर बसले.

आता गंमत अशी की १८५९ साली बसून तुम्हाला कळायला काहीही मार्ग नव्हता की ही नेपच्यूनवाली केस आहे का व्हल्कनवाली. शोधूनच बघावं लागतं. ही अनिश्चितता मुलांना जाम आवडते. आणि न्यूटन मोडीत गेला का, तर नाही, अजूनही यान सोडायचं तर बहुतेक गणित न्यूटनचंच. जीपीएसच्या उपग्रहावरच्या घड्याळाला मात्र आईनस्टाईन लागतो, नाहीतर दिवसाला ३८ मायक्रोसेकंदांची चूक साचत जाते आणि तुमचा झोमॅटोवाला शेजारच्या गावात पोचतो.

आगाऊ_कार्टं
तो आत्ताही शेजारच्या गल्लीतच पोचतो, आईनस्टाईन असून.

सुलभाताई
निवृत्त मुख्याध्यापिका आहे आणि पंचवीसेक वर्षं अंधश्रद्धा निर्मूलनाचं काम करतेय, म्हणून जरा कडवट लिहिते. तुम्हा शहरातल्या मंडळींना हे सगळं गोड वाटतं. आमच्याकडे साप चावला की आधी मांत्रिक. गावात जाऊन मी "विज्ञानालाही सगळं माहीत नाही" म्हटलं की समोरचा बुवा पुढचं वाक्य स्वतःच पूर्ण करतो, "आणि ते आम्हाला माहीत आहे." डॉ. दाभोलकरांना २०१३ मध्ये गोळ्या घातल्या गेल्या ते राज्य आहे हे. इथे मुलांना आधी ठाम पाया द्या. शंका घ्यायला आयुष्य पडलंय. खडूफळा, तुमचा हेतू चांगला आहे, पण आठवी फार लवकर होते असं माझं मत.

निमा_के
ताई, तुमच्या कामाबद्दल आदर आहेच, पण ह्या मुद्द्यावर असहमत. ठाम पाया म्हणजे "पुस्तकात आहे म्हणून खरं" असेल तर बुवाचंही तेच चालू आहे की, त्याचं पुस्तक वेगळं इतकंच. मुलाने दोघांत फरक कसा करायचा? सर मोठ्या आवाजात बोलले म्हणून?

आणि साप चावला की दवाखाना ह्यात कुठली शंका आहे? काही गोष्टी पक्क्या आहेत, काही अर्ध्या, काही अंधारात. सगळ्यांना एकाच सुरात "विज्ञान बदलत असतं" म्हणणं हाही खोटेपणाच. पृथ्वी गोल आहे हे पुढच्या वर्षी बदलणार नाहीये.

सुलभाताई
निमा, शेवटच्या परिच्छेदाशी सहमत. पण ते मुलांपर्यंत पोचत नाही. मुलांपर्यंत फक्त "बदलतं" पोचतं. आणि घरी व्हॉट्सॅपवर आजोबा तेच म्हणत असतात.

पुणेरी_पाटी
दाभोलकरांचा विषय निघालाच आहे तर नारळीकरांनी केलेली फलज्योतिषाची चाचणी वर्गात का घेत नाही कोणी? त्यात महाराष्ट्र अंनिसही (अंधश्रद्धा निर्मूलन समिती) होती. २०० पत्रिका, निम्म्या हुशार मुलांच्या, निम्म्या मतिमंद मुलांच्या. ज्योतिषांना प्रत्येकी ४० पत्रिका पाठवल्या, ओळखा कुठली कुणाची. २७ जणांनी उत्तरं दिली, सरासरी ४६ टक्के बरोबर. २००९ मध्ये करंट सायन्समध्ये छापून आलं. नाणं उडवलं असतं तर ५० आले असते.

सुलभाताई, ह्यात एक पाहा. त्यांनी "ज्योतिष थोतांड आहे" म्हणून भाषण दिलं नाही. आधी म्हटलं, चला बघू, तुम्ही म्हणताय तसं असेल तर इतके तरी बरोबर यायला हवेत. पणाला लावलं. वर्गात हेच करता येतं, पत्रिकेऐवजी पेपरातलं राशिभविष्य घ्या, राशींची नावं कापून टाका आणि काल कोणाचा दिवस कसा गेला ते जुळवायला सांगा. पण किती जुळले तर मानू हे आधी फळ्यावर लिहून ठेवायचं, नंतर नाही. हे "आधी लिहून ठेवणं" फार महत्त्वाचं आहे, त्याच्याशिवाय सगळे जण सगळं जुळवतात. बारा राशी, साठ पोरं, योगायोगाने साधारण पाच तरी जुळणारच, हेही आधीच सांगायचं.

अवांतर: हेच नारळीकर बिग बँग मानत नव्हते. १९६५ ला पेन्झियस आणि विल्सनला ते पार्श्वप्रारण (आकाशात सगळीकडून येणाऱ्या सूक्ष्मलहरी) सापडल्यावर बहुतेक खगोलशास्त्रज्ञ बिग बँगकडे गेले, हे आणि त्यांचे गुरू फ्रेड हॉएल अखेरपर्यंत दुसऱ्या बाजूला राहिले. तरी कोणी त्यांना वेडं ठरवलं नाही, कारण ते पेपर लिहीत होते, निरीक्षणं मागत होते. मतभेद असाही असतो, हेही मुलांना सांगायला हरकत नाही.

देवगडकर
विज्ञानाचो विषय आणि विजयदुर्गाचां नाव नाय? हेलियम आमच्या विजयदुर्गार गावलो, १८ ऑगस्ट १८६८, नॉर्मन लॉकियर. किल्ल्यार साहेबाचे ओटे अजून आसत. दरवर्षी हेलियम दिन असता. पोरांका घेऊन येवा, जेवणाची सोय आमच्याकडे.

दुर्बीणवाला
देवगडकर, जेवायला नक्की येतो, पण हेलियमचं जरा थांबा.

१८ ऑगस्ट १८६८ चं खग्रास भारतातून दिसलं हे बरोबर. फ्रान्सचा जान्सन गुंटूरला होता, सर जॉन हर्शेलचा मुलगा जमखंडीला. लॉकियर त्या दिवशी भारतात नव्हताच, इंग्लंडमध्ये होता. त्याने त्याच वर्षी २० ऑक्टोबरला, ग्रहण नसताना, लंडनहून सूर्याच्या कडेच्या ज्वाळांचा वर्णपट घेतला. तो विजयदुर्गला आला हे खरं आहे, पण ३० वर्षांनी, २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणाला. दुर्बिणी ठेवायचे ते ओटे त्या वेळचे. तोवर तर १८९५ मध्ये रॅम्सेने हेलियम पृथ्वीवरच्या खनिजातून काढूनही झाला होता.

त्यात पुन्हा गंमत, १८६८ मध्ये "नवीन मूलद्रव्य" हे कोणीच छातीठोक म्हणत नव्हतं. वर्णपटात एक पिवळी रेघ दिसली, सोडियमच्या जोडीजवळ पण तिच्या जागेवर नाही. लॉकियर म्हणाला नवीन काहीतरी आहे, बरेच जण म्हणाले असेल हायड्रोजनचीच काही भानगड. २७ वर्षं ते लटकत राहिलं. ज्या दिवशी आपण केक कापतो त्या दिवशी नेमकं काय "सापडलं" हे विचारलं तर उत्तर द्यायला अर्धा तास लागतो.

देवगडकर
आमका शाळेत असांच शिकवलेला. १८९८ तर १८९८, आलो ना साहेब? ओटे आसत ना? बास.

आगाऊ_कार्टं
मास्तर, हाच तुमचा धडा. एक दावा, एक पुरावा, एक तारीख जुळत नाही, आणि शेवटी "बास".

दुर्बीणवाला
हाहा. पण खरंच वर्गात चालेल हे. मुलांना फक्त दोन तारखा द्या आणि विचारा, ह्यावरून काय म्हणता येईल आणि काय नाही. १८९८ च्या ग्रहणाला आपल्याकडचे कावसजी नायगमवालासुद्धा पुण्याहून जेऊरला गेले होते दुर्बिणी घेऊन, त्यांचं नाव कोणाला माहीत नसतं.

खोकेवाली
बऱ्याच उशिरा आले. मी ठाण्याच्या एका शाळेत सहावी ते आठवीला शिकवते आणि मास्तरांनी जे मागितलंय ते दर जूनमध्ये करते, म्हणून सविस्तर लिहिते.

बुटांची रिकामी खोकी घ्यायची, एका गटाला एक. आत पुठ्ठ्याची एखादी भिंत फेविकॉलने चिकटवायची, कुठे आडवी, कुठे तिरकी, कुठे अर्धीच. त्यात एक गोटी टाकायची. एखाद्या खोक्यात दोन गोट्या, एखाद्यात गोटीऐवजी चपटं बटण, एकात कापूस लावून ठेवायचा म्हणजे आवाजच येत नाही. चहूबाजूंनी ब्राऊन टेप. मुलांनी हलवायचं, तिरकं करायचं, कान लावायचा, आणि आत काय आहे त्याचं चित्र काढायचं. चित्राशेजारी "हे आम्हाला कशावरून वाटतं" हे एका ओळीत. मग खोकी बदलायची, दुसऱ्या गटाने पहिल्यांचं चित्र न बघता आपलं काढायचं, आणि मग दोन्ही गट समोरासमोर. जे काय भांडतात! मागच्या वेळी एक मुलगा म्हणाला, "तुम्ही डावीकडे फक्त एकदाच वाकवलं, आम्ही सावकाश वाकवलं तेव्हा दोन आवाज आले," आणि समोरच्या गटाने मुकाट्याने खोकं परत घेऊन सावकाश वाकवलं. मी मध्ये एक शब्द बोलले नव्हते.

त्यानंतर चुंबक देते. काही खोक्यांत बटण पत्र्याचं असतं, ते लगेच कळतं. नवीन साधन आलं की जुनं चित्र बदलतं, पण सगळं नाही बदलत, भिंत होती तिथेच राहते. मग रुदरफोर्ड सांगायला दोन मिनिटं पुरतात. त्यानेही खोकं उघडलं नव्हतं, सोन्याच्या पत्र्यावर अल्फा कण मारले आणि कुठून परत येतात ते मोजलं.

आणि शेवटचं. खोकं उघडायचं नाही. कधीच नाही. मुलं चिडतात, हातापाया पडतात, एकदा तर मधल्या सुट्टीत टेप काढायचा प्रयत्न झाला म्हणून मी आता खोकी घरी नेते. अणूच्या मागे बरोबर उत्तर छापलेलं नसतं.

अभ्यासू_आई
छान आहे, पण मला हे जरा क्रूर वाटलं. मुलं आयुष्यभर विचार करत बसतील आत काय होतं. आणि व्यवहाराचं बोलायचं तर आठवीला एनएमएमएस ही शिष्यवृत्तीची परीक्षा असते, नववीला होमी भाभा बालवैज्ञानिक असते, उत्तरपत्रिकेत गोल काळा करायचा असतो. तिथे "आमच्या मते बहुतेक ब" असं लिहायची सोय नाही.

खोकेवाली
आयुष्यभर विचार करत बसले तर मला पगारवाढ मिळायला पाहिजे.

गोलाचं खरं आहे. मी वर्गात उघड सांगते, परीक्षेत विचारतात "बोरच्या प्रारूपानुसार", तर बोरच्या प्रारूपानुसारच लिहा. प्रश्नातच अट घातलेली आहे. हे कळलं की मुलं उलट नीट वाचायला लागतात.

जरासंध
लातूरकर. हसतखेळत चाललंय ते चालू द्या, पण विषय विज्ञानाच्या मर्यादांचा आहे म्हणून लिहितो.

३० सप्टेंबर १९९३, पहाटे चारच्या आत. आदल्या दिवशी गणपती बुडवून लोक दमून झोपलेले. किल्लारी आणि आसपास दहा हजारांच्या घरात माणसं गेली. तेव्हाच्या भूकंपाच्या नकाशात आमचा भाग झोन एकमध्ये होता, सगळ्यात कमी धोक्याचा. दख्खनचं पठार म्हणजे स्थिर, असंच सगळे शिकलेले. आदल्या वर्षी, १९९२ ला, किल्लारीत जमिनीतून आवाज येत होते, छोटे धक्के बसत होते, लोक घाबरले होते. मग ते थांबले. ते मोठ्या धक्क्याच्या आधीचे होते हे मोठा धक्का बसल्यावरच कळलं, कारण नुसते छोटे धक्के बसून विरून जाणं हे कितीतरी जास्त वेळा होतं. नकाशा नंतर बदलला, २००२ पासून झोन एक हा प्रकारच राहिला नाही.

मी स्वतः शिकवत नाही, पण भाचीला हे सांगतो तेव्हा ती एकच विचारते, मग आता तरी सांगता येतं का? नाही येत. अमुक दिवशी अमुक ठिकाणी इतका मोठा, असं जगात कोणालाच सांगता येत नाही. कोयनेला धरणात पाणी भरायला लागल्यापासून, १९६२ च्या सुमारापासून, छोटे धक्के चालू आहेत, नेमकं खाली काय होतं ते बघायला शास्त्रज्ञांनी तिथे तीन किलोमीटर खोल भोक पाडलंय, तरीही नाही. पण घर कसं बांधायचं हे सांगता येतं. दगडमातीच्या जाड भिंती आणि वर मातीचं धाबं ह्यानेच जास्त माणसं मेली हे पक्कं माहीत आहे.

सुलभाताई, "माहीत नाही" हे सांगितलं नाही तर व्हॉट्सॅपवर येतंच की, "नासाने सांगितलंय आज रात्री भूकंप". ज्याला माहीत आहे की भूकंपाची तारीख कोणी सांगू शकत नाही, तो ते फॉरवर्ड करत नाही.

चकली_भाजणी
__/\__

सुलभाताई
जरासंध, हे पटलं. अगदी पटलं. माझी भीती पूर्ण गेली नाहीये, पण "माहीत नाही" हे वाक्य एकटं सोडायचं नाही, त्याच्या शेजारी काय माहीत आहे ते ठेवायचं, हे मी माझ्या शिबिरांत करून बघेन. बुवाला मात्र मी चॉइस देणार नाही.

आगाऊ_कार्टं
हवामान खात्याचं पण घ्या ना मर्यादांत. आमच्याकडे ते पाऊस म्हणाले की आम्ही वाळवण घालतो.

मेघदूत_२
हा विनोद माझ्या आजोबांच्या वेळचा आहे, आता जुना झाला. खात्याच्या अंदाजात 'सामान्य पाऊस' म्हणजे सरासरीच्या, म्हणजे ८७ सेंमीच्या, ९६ ते १०४ टक्के, आणि तो सबंध देशाचा, चार महिन्यांचा मिळून. त्यावरून तुमच्या गल्लीत मंगळवारी छत्री न्यावी का हे ठरवायला गेलात तर दोष कोणाचा? आणि साधारण दोन आठवड्यांच्या पुढचा रोजचा अंदाज नीट देता येत नाही, ही खात्याची आळशीगिरी नाही. १९६३ मध्ये लॉरेन्झ नावाच्या हवामानशास्त्रज्ञाने दाखवलं की सुरुवातीचा इवलासा फरकही वाढत वाढत सगळं चित्र बदलून टाकतो. म्हणजे आपल्याला किती माहीत होऊ शकत नाही, हेसुद्धा गणिताने कळतं. शेतकऱ्याच्या पोराला हे सांगून बघा, त्याला अणूपेक्षा जास्त जवळचं वाटेल.

पुणेरी_पाटी
धाग्याचं काश्मीर व्हायच्या आत मूळ प्रश्नाकडे. मास्तर आहेत का गेले पोर्शन संपवायला?

खडूफळा
आहे, आहे. तपासणीचे गठ्ठे होते. सगळं वाचलं, खोकी गोळा करायला सुरुवात केली आहे, गावातल्या चप्पलच्या दुकानदाराला वाटतंय मी काही धंदा काढतोय.

पोरीला काय सांगितलं ते लिहितो. व्हल्कनची गोष्ट सांगितली. ती म्हणाली, "मंग बुधाचं त्यायले आधीपासून माहीत होतं का बिघडलं हाय म्हून?" म्हटलं हो, पन्नासेक वर्षं माहीत होतं, उघड्यावर लिहून ठेवलेलं होतं. त्यावर ती म्हणाली, तर मग आत्ता काय बिघडलेलं माहीत आहे त्याची यादी कुठं आहे? आता बोला! यादी करायला घेतलीय. वरच्या वर्गातल्या एकाने कृष्णपदार्थ सुचवला, मी म्हटलं जरा जवळचं काहीतरी शोधा.

तर जवळचं म्हणजे लोणार. आमच्यापासून तासाभरावर. १.८ किलोमीटरचं विवर, बसाल्ट खडकातलं. पूर्वी बरेच लोक ज्वालामुखीचं समजत. १९७० च्या दशकात तिथे मॅस्केलिनाइट नावाचं काचेसारखं द्रव्य सापडलं, ते तसल्या आघाताच्या दाबाशिवाय होत नाही, म्हणून उल्केचं हे पक्कं. पण कधी पडली? एका पद्धतीने वय साधारण ५२ हजार वर्षं येतं, आर्गॉनच्या पद्धतीने ५ लाख ७० हजार. दहापटीहून जास्त फरक! माझ्या पोरांनी लहानपणापासून दहा वेळा बघितलेलं तळं, आणि त्याच्या फलकावर एकच आकडा. सहल नेणार आहे. २०२० च्या जूनमध्ये पाणी गुलाबी झालं होतं तेव्हाही गावात नाना तर्क, शेवटी पुण्याच्या आघारकर संस्थेने नमुने तपासून खारट पाण्यातले हॅलोआर्किया जंतू सांगितले. तोही भाग घेतो.

अभ्यासू_आई
आणि लवणासुराचं काय सांगणार? दैत्यसूदनाच्या देवळात गाईड तेच सांगतो.

खडूफळा
तेही ऐकू द्यायचं. मग खोकेवालींची ओळ, "हे आम्हाला कशावरून वाटतं". गाईडलाही विचारा, मलाही विचारा, ५२ हजारवाल्याला पण विचारा.

सुलभाताई
गाईडला विचारताना मी तिथे असायला हवी. तारीख कळवा.

दुर्बीणवाला
मीही येतो. दुर्बीण आणू का? मुक्काम असेल तर रात्री शनीची कडी दाखवता येतील.

खोकेवाली
मुक्काम असेल तर परवानग्यांचे कागद आत्ताच टाका, पालकांची संमती, बस, विमा, सगळं. आणि डबे पिशवीत उघडे ठेवू नका, तिथली माकडं लोकांच्या हातातून घेतात.

आगाऊ_कार्टं
कशावरून वाटतं?

खोकेवाली
माझ्या पुऱ्या गेल्या आहेत. प्रत्यक्ष निरीक्षण.